वटवाघूळ आणि मोह: कोण कुणाला पोसतं?

मार्चमध्ये मोहाची पानं झडतात आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी, लवदार कळ्यांचे घोस लोंबू लागतात. फूल उमलतं रात्री. जवळून पाहिलं तर सायीच्या रंगाच्या जाड, रसाळ पाकळ्या जुळून छोटा गडू झालेला दिसतो आणि त्यातून स्त्रीकेसराची दांडी बाहेर आलेली असते. ही दांडी कळी उमलायच्या आधीच बाहेर पडते. म्हणजे परागकण आधी घ्यायचे, द्यायचे नंतर.

इतर फुलं मधाचा थेंब देतात, मोह पाकळ्याच खाऊ घालतो. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. वटवाघूळ हा गडू ओढून खातं, तरी बीजांडकोश फांदीवरच राहतो आणि पुढे त्याचंच फळ धरतं. तोंडाला लागलेले पराग दुसऱ्या झाडावर पोचतात. (वाराही पराग नेतो, त्यामुळे सगळं श्रेय वटवाघळाला देऊन चालणार नाही.)

आपलं मोठं फळखाऊ वटवाघूळ पंख पसरलं की मीटरभराहून रुंद होतं. कीटक खाणाऱ्या जातींसारखं ते प्रतिध्वनीवर वाट काढत नाही, डोळे आणि नाक यांवर त्याची भिस्त. फिकट, उग्र वासाचं आणि पानांच्या आड न दडलेलं फूल त्याला अंधारातही सापडतं. मोहाला एका हंगामात हजारो फुलं येतात. वटवाघळाच्या मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होतं. म्हणून त्यांची वस्ती एकदा उठवली की संख्या भरून यायला बरीच वर्षं लागतात. आणि आपण केलं काय? 1972च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळांना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी ठरवलं. ती यादी 2022च्या दुरुस्तीत गेली.

पावसाच्या तोंडावर फळं पिकतात. वटवाघळं गर चावून रस गिळतात, चोथा थुंकतात. वडा-उंबराच्या बारीक बिया त्यांच्या पोटातून जातात. मोहाची बी मोठी, ती खाली टाकली जाते. पण दाटीत हिसकाहिसकी नको म्हणून बरीच फळं दुसऱ्या झाडावर नेऊन खाल्ली जातात आणि बी तिथे पडते. मोहाची बी फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांतच उगवायची ताकद गमावते. शिवाय मूळ झाडाखालच्या बिया माणसं तेलासाठी वेचून नेतात, आणि फुलं गोळा करायला सोपं जावं म्हणून तिथला पाचोळा जाळतात, त्यात रोपंही जातात. दूर नेऊन टाकलेल्या बीला निदान पावसात रुजायची संधी मिळते.