सांडपाण्याचा गाळ : प्रक्रिया आणि विल्हेवाट (खान्देश)

सांडपाणी शुद्ध करताना टाक्यांच्या तळाशी बसणारा पातळ, काळपट भाग म्हणजे गाळ. पहिल्या टाकीत जड मळ आपोआप खाली बसतो. हवा सोडलेल्या टाकीत वाढलेले जिवाणू पुढच्या टाकीत तळाला येतात. ताज्या गाळात ९७ ते ९९ टक्के पाणीच असते. ते ९८ वरून ९६ टक्क्यांवर आणले, तरी गाळाचे आकारमान निम्मे होते आणि टँकरच्या फेऱ्याही. मोठ्या केंद्रांत घट्ट केलेला गाळ बंद टाकीत सुमारे ३५ अंश सेल्सिअसला २० ते ३० दिवस कुजवून मिथेनयुक्त वायू मिळवतात.

खान्देशात ऊन फुकट आहे, म्हणून वाळवणीचे वाफे इथे सोयीचे. तळाला निचऱ्याचे पाइप, त्यावर खडी, वर वाळू. त्यावर वीतभर गाळ सोडतात. बरेचसे पाणी खाली झिरपते, उरलेले उन्हात उडते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा थराला काळ्या रानासारख्या भेगा पडतात आणि फावडे लावताच ढेपा सुटतात. पावसाळ्यात मात्र उघडे वाफे ठप्प होतात. वाफ्यांवर छप्पर किंवा जोडीला फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढणारे यंत्र), याची तरतूद केंद्र बांधतानाच हवी.

गाळ वाळला म्हणजे निर्धोक झाला, असे मुळीच नाही. जंतांची अंडी सुक्या ढेपेतही महिनोन्‌महिने टिकतात. असा गाळ भाजीपाल्याच्या किंवा भुईमुगाच्या वावरात थेट टाकणे धोक्याचे. आधी त्याचे कंपोस्ट व्हायलाच हवे. गाळात नत्र भरपूर, कर्ब कमी. ती उणीव कुट्टी केलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) भरून काढतात, आणि कपाशीच्या या मुलखात त्यांना तोटा नाही. जंत-जंतू मरावेत म्हणून अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांनुसार कंपोस्टच्या उघड्या ढिगाचे तापमान किमान १५ दिवस ५५ अंश किंवा त्याहून जास्त राहावे लागते आणि त्या काळात ढीग किमान पाचदा पलटावा लागतो.

जड धातू उष्णतेने जात नाहीत. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम ५, क्रोमियम ५० आणि शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणूनच धातूंवर मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी शहराच्या गटारात येऊ देता कामा नये. त्यांचा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो. तो पुणे जिल्ह्यातील रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रातच पाठवावा लागतो.