घंटेची हातोडी कोणी पळवली? सातवी-आठवीच्या वर्गातलं फॉरेन्सिक सायन्स

मिश्रणं वेगळी करणं, द्रावणं, आम्ल-आम्लारी हे सगळं पुस्तकातून शिकवलं की मुलं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात, पण हेच सगळं एखाद्या चोरीच्या तपासात घातलं तर मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी वर्गातून हलत नाहीत. म्हणून सातवी-आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, वर्षातून एकदा तरी वर्गात एक खोटी चोरी घडवून आणा. खर्च फारसा नाही, लॅब नसली तरी चालतं, आणि मुलं यातून जे शिकतात ते टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह सिरियलपेक्षा खूप वेगळं आणि खूप खरं असतं.

चोरी कसली? मला आवडते ती घंटेच्या हातोडीची. सकाळी शाळेची घंटा वाजलीच नाही कारण हातोडी गायब, तिच्या जागी काळ्या स्केचपेननं लिहिलेली चिठ्ठी, "आज घंटा होणार नाही". जवळच्या टेबलावर पाण्याचा काचेचा ग्लास आणि खाली फरशीवर थोडी पांढरी पावडर सांडलेली. संशयित चार: पीटीचे सर, चित्रकलेच्या मॅडम, गणिताचे सर आणि खुद्द हेडसर. चौघांनाही आधी विचारून, हसत हसत तयार करून घ्यायचं. इथे एक गोष्ट मी फार कटाक्षाने पाळते, संशयितांच्या यादीत शाळेतले शिपाईकाका, सफाईवाल्या मावशी किंवा वर्गातलं कुठलंही मूल ठेवायचं नाही. गोष्ट सांगून झाल्यावर पाच मिनिटांत मुलांनी चोर ठरवलेला असतो, तोही कुठलाच पुरावा न बघता, आणि अशा वेळी बोट कोणाकडे जातं हे आपल्या समाजात राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. खेळ म्हणून का होईना, ती सवय शाळेनं लावू नये.

पहिलं काम म्हणजे कशालाही हात न लावणं. आधी जागेचा नकाशा काढायचा, अंतरं टेपने मोजून लिहायची, मोबाईलवर फोटो घ्यायचे आणि मगच वस्तू एकेक करून कागदी पाकिटात घालायच्या, प्रत्येक पाकिटावर वेळ आणि सही. मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटतो पण करून घ्याच. फ्रान्समधल्या लिओं शहरात 1910 साली एडमंड लोकार्डने पोलिसांसाठी लॅब सुरू केली, आणि त्याचं नाव आज जोडलं जातं ते या विचाराशी, की दोन गोष्टींचा स्पर्श झाला की दोन्हीकडे काहीतरी मागे राहतं. आता तपासणाऱ्याचाच हात लागला तर मागे राहिलेलं ते नक्की कोणाचं हे कसं कळणार?

मग ठसे. ग्लासवरचा ठसा उठवायच्या आधी मुलांना स्वतःची बोटं बघू द्या. मऊ पेन्सिल, 6बी असेल तर उत्तम, कागदावर गिरवून काळा चौकोन करायचा, त्यावर बोट घासायचं, बोटावर सेलोटेप चिकटवून अलगद काढायची आणि पांढऱ्या कागदावर लावायची. इतका स्वच्छ ठसा येतो की मुलं ओरडतातच. मग आपल्याकडचा जुना प्रश्न, तुझ्या बोटांवर शंख किती, चक्रं किती? आजीने हात धरून मोजलेलं असतंच बऱ्याच जणांचं. ढोबळमानाने जगात 60 ते 65 टक्के ठसे शंखासारख्या वळणाचे, 30 ते 35 टक्के चक्राचे आणि 5 टक्क्यांच्या आसपास साध्या कमानीचे असतात. आख्ख्या वर्गाचे मोजून फळ्यावर स्तंभालेख काढायचा.

आणि इथेच थांबून एक गोष्ट सांगायची, कारण ही आपल्या देशातली आहे आणि मुलांना ती माहीतच नसते. फिंगरप्रिंटचं जगातलं पहिलं ऑफिस 1897 साली कलकत्त्यात सुरू झालं. ठसे गोळा करणं सोपं होतं, पण हजारो कार्डांच्या ढिगाऱ्यातून हवं ते कार्ड शोधायचं कसं हा मोठा प्रश्न होता. तो सोडवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय सब-इन्स्पेक्टरांचा मोठा वाटा, पद्धतीला नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं लागलं. हक गणितवाले होते आणि त्यांची युक्ती सातवीच्या मुलाला जमेल इतकी सोपी आहे. उजव्या अंगठ्यापासून सुरुवात करून दहा बोटांना 1 ते 10 नंबर द्यायचे, डावा अंगठा 6 आणि डावी करंगळी 10. दोन-दोन बोटांच्या पाच जोड्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर त्या बोटाला 16 मार्क, दुसऱ्या जोडीत 8, मग 4, मग 2, मग 1. चक्र नसेल तर शून्य. सम नंबरच्या बोटांची बेरीज अधिक 1 हा अंश, विषम नंबरच्या बोटांची बेरीज अधिक 1 हा छेद. समजा एखादीच्या फक्त उजव्या अंगठ्यावर आणि डाव्या मधल्या बोटावर चक्र आहे, तर तिचा अपूर्णांक 3/17. एकही चक्र नसेल तर 1/1, दहाही असतील तर 32/32. म्हणजे वर 32 शक्यता, खाली 32 शक्यता, एकूण 1024 कप्पे. कार्ड आलं की अपूर्णांक काढा आणि थेट त्याच कप्प्यात शोधा! कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी. प्रत्येक मूल आपापला अपूर्णांक काढतं, शेजाऱ्याशी ताडून बघतं, आणि वर्गात दोघांचा सारखा निघाला की लगेच प्रश्न येतो, "मॅडम, मग आमचे ठसे सेम आहेत का?"

याच प्रश्नाची मी वाट बघत असते. कप्पा सारखा असला तरी ठसे सारखे नसतात, कारण पुढची तुलना बारीक खुणांची असते, कुठली रेष मध्येच संपते, कुठे तिला फाटा फुटतो, कुठे दोन रेषांत एक छोटंसं बेट आहे. या रेषा आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि जुळ्या भावंडांच्याही वेगळ्या असतात. तेव्हा ग्लासवर चक्र असलेला ठसा मिळाला तर काय सांगता येतं? एवढंच, की ज्यांच्या एकाही बोटावर चक्र नाही ते यातून सुटले. बाकीच्यांपैकी कोण ते अजून कळलेलं नाही. मुलांना भिंग देऊन खुणा मोजायला लावल्या की हा फरक त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

ग्लासवरचा ठसा उठवायला पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड आणि एकदम मऊ ब्रश लागतो. ब्रश घासायचा नाही, नुसता फिरवायचा, पूड तेलकट रेषांना चिकटते आणि मग सेलोटेपने उचलायची. ठसा लावणाऱ्या सरांनी आधी बोट नाकाच्या बाजूला किंवा कपाळावर फिरवून मग ग्लास धरावा, छान उठतो. खडबडीत लाकडावर किंवा कापडावर हे होत नाही, तेही मुलांना करून बघू द्या.

चिठ्ठीचा भाग सगळ्यात देखणा. टीपकागदाच्या किंवा फिल्टर पेपरच्या लांब पट्ट्या कापायच्या, खालून दोन सेंटीमीटरवर पेन्सिलने रेघ आणि त्या रेघेवर शाईचा ठिपका, चार संशयितांच्या चार काळ्या स्केचपेनांचे चार आणि चिठ्ठीवरच्या शाईचा एक. चिठ्ठीतून अक्षराचा एक तुकडा कापून थेंबभर पाण्यात भिजवला की शाई मिळते. पट्टीचं टोक पाण्यात, पण पाणी ठिपक्याच्या खालीच राहिलं पाहिजे, नाहीतर शाई सरळ पाण्यात उतरते आणि सगळं मुसळ केरात. पाणी कागदातून वर चढतं, शाईतले रंग सोबत घेऊन जातं, पण ज्या रंगाला कागद जास्त धरून ठेवतो तो मागे रेंगाळतो आणि ज्याला पाणी जास्त आवडतं तो पुढे पळतो. दहा मिनिटांत काळ्या ठिपक्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे पट्टे निघतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या काळ्यात वेगवेगळे. आठवीला असेल तर रंगाने कापलेलं अंतर भागिले पाण्याने कापलेलं अंतर हा आकडाही काढून घ्या, दशांशाचा सराव आपोआप होतो. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच युक्ती पानांतले रंग वेगळे करायला वापरली होती, त्याने कागदाऐवजी खडूच्या भुकटीने म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटने भरलेली काचेची नळी घेतली होती. या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात, आणि आज औषधांच्या कंपन्यांपासून डोपिंग टेस्टपर्यंत सगळीकडे तिचीच मोठी भावंडं काम करतात. एक सूचना, परमनंट मार्कर आणि बरेचसे जेल पेन पाण्याने हलत नाहीत, मार्करसाठी पाण्याऐवजी स्पिरिट घेऊन बघा.

पण पट्टे जुळले तर चिठ्ठी गणिताच्या सरांनीच लिहिली असं होतं का? मुलं म्हणतात हो. मग त्याच कंपनीचे दोन पेन वर्गातल्याच दप्तरातून काढून दाखवायचे. शाई जुळली म्हणजे पेनाची जात जुळली, हात नाही.

पावडरीचं काम स्वयंपाकघरातल्या सामानावर होतं. मैदा, पिठीसाखर, खायचा सोडा, चुना, खडूची पूड, रांगोळी. आधी नाव माहीत असलेल्या पावडरी तपासून तक्ता करायचा आणि मगच फरशीवरची अनोळखी पावडर घ्यायची. आयोडीनचा थेंब टाकला की मैदा निळा-काळा होतो. व्हिनेगर टाकलं की सोडा फसफसतो. हळदीच्या कागदावर चुन्याचं पाणी टाकलं की लालभडक, सोड्याचं टाकलं तर जेमतेम लालसर, आणि कुंकू हळदीचं कसं बनतं हे घरी बघितलेलं एखादं मूल तिथेच सांगून टाकतं. खडूची गंमत वेगळीच, काही खडू जिप्समचे असतात ते व्हिनेगरमध्ये गप्प बसतात आणि कॅल्शियम कार्बोनेटचे असतील तर बुडबुडे सोडतात, म्हणून आपल्या शाळेतला खडू आधी तपासून घ्या. चव कोणीही घ्यायची नाही, हे तीनदा सांगा. चुना शिक्षकांनीच हाताळायचा आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बहुतेक ठिकाणी हा उपक्रम "चोर सापडला, टाळ्या" इथे संपवतात आणि मला ते मनापासून पटत नाही. खरा धडा रिपोर्ट लिहिताना शिकला जातो. प्रत्येक पुराव्यासमोर दोन वाक्यं लिहायची, यावरून काय कळतं आणि काय कळत नाही. ग्लासवर पीटीच्या सरांचा ठसा आहे, म्हणजे त्यांनी तो ग्लास कधीतरी धरला. कधी? माहीत नाही. हातोडी त्यांनीच नेली का? माहीत नाही.

यासाठी बंगालमधल्या जलपाईगुडीची केस सांगावी. तिथल्या एका चहाच्या मळ्याच्या मॅनेजरचा खून झाला, पैसे गेले, आणि त्याच्या सामानातल्या बंगाली पंचांगावर अंगठ्याचा तपकिरी डाग सापडला. कलकत्त्याच्या त्याच ऑफिसातल्या कार्डांशी तो जुळला, मॅनेजरच्या एका जुन्या नोकराशी, ज्याला आधी चोरीसाठी शिक्षा झालेली होती. 1898 मध्ये कोर्टाने त्याला चोरीसाठी दोषी धरलं, खुनासाठी नाही, कारण अंगठा पंचांगापर्यंत पोचला होता एवढंच ठशाने सिद्ध होत होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी, ठशांचं शास्त्र इतकं नवं असताना, कोणीतरी इतका नेमका विचार केला याचं मला फार कौतुक वाटतं, आणि मुलांनाही ते बरोबर पोचतं.

उलटी बाजूही दाखवावी. 2004 साली माद्रिदमध्ये रेल्वेत स्फोट झाले, एका पिशवीवर ठसा मिळाला आणि अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने तो ओरेगॉन राज्यातल्या एका वकिलाचा म्हणून सांगितला. अनुभवी तज्ज्ञांनी एकामागोमाग एक होकार दिला, वकील दोन आठवडे कोठडीत राहिला, आणि शेवटी स्पेनच्या पोलिसांना तो ठसा दुसऱ्याच माणसाशी जुळलेला सापडला. एफबीआयला माफी मागावी लागली. पुढे 2006 मध्ये इटिएल ड्रॉर या मानसशास्त्राच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ठसेतज्ज्ञांना त्यांनीच काही वर्षांपूर्वी "जुळले" म्हणून सांगितलेले ठसे पुन्हा दाखवले, पण सांगितलं की ही ती माद्रिदची चुकीची जोडी आहे. तिघांनी आता "जुळत नाही" म्हटलं, एकाने "सांगता येत नाही", एकच जण आपल्या मतावर राहिला. डोळे तेच, ठसे तेच, फक्त कानावर पडलेली माहिती वेगळी.

हे वर्गात करून बघता येतं. थोडा पुसट ठसा दोन गटांना द्यायचा, एका गटाला काहीच सांगायचं नाही आणि दुसऱ्याला सहज म्हणायचं की या सरांना सकाळी हातोडीजवळ बघितलं होतं. मग दोन्ही गटांचे निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे. फरक पडला तर चर्चा मुलंच करतात, आपण फक्त ऐकायचं, आणि नाही पडला तर तेही तसंच लिहून ठेवायचं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे गुन्ह्यांचा तपास आणि खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्यात, 7 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं सांगितलंय, राज्यांना त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे अशी माणसं आता खूप लागणार आहेत, आणि मुंबईत कलिन्याला आपल्या राज्याची मोठी प्रयोगशाळा आहेच, बातम्यांत तिचं नाव मुलांनी ऐकलेलं असतं. करिअर म्हणून विचारणारी मुलं दरवेळी निघतात, त्यांना केमिस्ट्री आणि बायोलॉजी नीट शिका एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

दोन गोष्टी राहिल्या. मुलांच्या बोटांचे ठसे असलेले कागद शाळेत ठेवू नका, ज्याचे त्याला घरी न्यायला द्या किंवा सगळ्यांसमोर फाडून टाका. याच ठशांवर रेशन आणि आधार चालतं, ते सांभाळायचे असतात हे मुलांना या वयात कळलेलं बरं. आणि शेवटी चोर कोण ते सांगायचं का? सांगायचं, मुलं सोडत नाहीतच, पण सगळ्यांचे रिपोर्ट हातात आल्यावरच. ज्या गटाने "पुराव्यांवरून दोघांना सोडता येतं, उरलेल्या दोघांतलं कोण ते ठरत नाही" असं लिहिलंय आणि कारणं नीट दिलीत, त्या गटाला मी नाव बरोबर ओळखणाऱ्या गटापेक्षा जास्त मार्क देते.