कर्दळ : लागवड आणि अभिवृद्धी

कर्दळ ही शोभेसाठी बागेत लावली जाणारी बहुवर्षायू ओषधी (मऊ खोडाची वनस्पती) कॅनेसी कुलातील असून या कुलात कॅना ही एकच प्रजाती आहे. आले, हळद आणि केळ ज्या गणात मोडतात त्याच झिंजिबेरेलीझ गणात हे कुल येते. कॅना प्रजातीत सुमारे १० रानटी जाती मानल्या जातात आणि त्या सर्व अमेरिका खंडांच्या उष्ण व उपोष्ण भागांतील आहेत. बागांतून दिसणारी बहुतेक कर्दळ मात्र यांपैकी कोणत्याही एका शुद्ध जातीची नसून, गेल्या पावणेदोनशे वर्षांत माणसाने केलेल्या संकरांतून आलेली आहे. हे झाड वाढवणे सोपे आहे, याचे मुख्य कारण त्याचे जमिनीखालील मांसल खोड. ते तोडून लावले की नवे झाड तयार होते. या सोयीमुळेच कर्दळ जगभर पसरली आणि तिचा सर्वांत मोठा रोगही याच वाटेने पसरला.

जमिनीवर जे खोड दिसते ते बऱ्याच अंशी एकमेकांत गुंडाळलेल्या पानांच्या आवरकांचे बनलेले असते. खरे खोड म्हणजे जमिनीखाली आडवे वाढणारे, पेरे व डोळे असलेले मूलक्षोड, ज्याला बागकामात सरसकट गड्डा किंवा कंद म्हणतात. गड्ड्याच्या टोकाकडील डोळ्यातून कोंब वर येतो, त्यावर मोठी, एकाआड एक पाने येतात आणि शेवटी शेंड्याला फुलोरा येतो. दांड्यावरचे फुलोरे संपले की त्या दांड्याची वाढही संपते. पुढची फुले नव्या कोंबांवर येतात, आणि छाटणीचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे. बुटक्या प्रकारांची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास राहते, तर उंच प्रकार दोन मीटरांपेक्षाही वर जातात.

कर्दळीच्या फुलात पाकळ्या म्हणून जे नजरेत भरते ते पाकळ्या नव्हेच. खरी तीन प्रदले (पाकळ्या) अरुंद असतात आणि चटकन लक्षातही येत नाहीत. रंगीत, पसरट भाग ही वंध्य केसरदले, म्हणजे पराग न देणारे पुंकेसर होत. एकाच केसरदलाच्या एका कडेला अर्धा परागकोश असतो आणि दुसरी कड पाकळीसारखी पसरलेली असते. त्यामुळे फूल कोणत्याही रेषेवर दुभागले तरी दोन सारखे भाग मिळत नाहीत. परागकोश कळी उमलण्याआधीच फुटतो आणि पराग चपट्या किंजलावर (स्त्रीकेसराच्या दांड्यावर) चिकटून राहतात. हाताने संकर करू पाहणाऱ्याने म्हणूनच फूल उमलण्याची वाट पाहून चालत नाही. मातृझाडाच्या कळीतील परागकोश आदल्या दिवशीच काढावा लागतो.

संकरांची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. दक्षिण अमेरिकेत राजनैतिक सेवा करून परतलेल्या तेओदोर आने यांनी १८४८च्या सुमारास पॅरिसजवळ पहिले संकर तयार केले. त्यांचा भर फुलांपेक्षा भव्य पानांवर होता. पुढे ल्याँ येथील क्रोझी यांनी आटोपशीर बांध्याची, मोठ्या फुलांची झाडे निवडत नेली आणि आजच्या वाफ्यांतील कर्दळीचे रूप बहुतांशी त्यांच्या कामातून आले. नेपल्सचे कार्ल श्प्रेंगर यांनी १८९०च्या दशकात कॅना फ्लॅसिडा या पाणथळ जातीशी संकर करून ऑर्किडसारख्या रुंद फुलांचे प्रकार आणले. ती फुले देखणी, पण नाजूक आणि लवकर कोमेजणारी आहेत. मोठ्या फुलाच्या हौसेपायी टिकाऊपणाचा बळी गेला, असे त्यांच्याविषयी म्हणता येईल. १९७०च्या दशकात अमेरिकेतील लाँगवुड गार्डन्समध्ये कॅना ग्लॉका या जातीचा उपयोग करून उथळ पाण्यात वाढणारे संकर तयार करण्यात आले.

या संकरांचा गुणसूत्रीय अभ्यास लखनौ येथे त्रिलोकीनाथ खोशू व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. कर्दळीत गुणसूत्रांची मूळ संख्या ९ असून बागेतील काही प्रकार १८ गुणसूत्रांचे म्हणजे द्विगुणित, तर काही २७ गुणसूत्रांचे म्हणजे त्रिगुणित आहेत. त्रिगुणित प्रकारांत बी जवळजवळ धरतच नाही, आणि द्विगुणित संकरांच्या बियांतून येणारी रोपे मूळ झाडासारखी निघत नाहीत. म्हणजे एखादा नावाजलेला प्रकार जसाच्या तसा टिकवायचा तर गड्डे फोडून लावण्याखेरीज व्यवहार्य मार्ग उरत नाही.

लागवडीसाठी दिवसातून निदान सहा तास ऊन मिळणारी जागा निवडावी. सावलीत पाने मोठी होतात, दांडे प्रकाशाकडे कलतात आणि फुले रोडावतात. माती सेंद्रिय द्रव्याने समृद्ध, ओल धरणारी आणि किंचित आम्ल ते उदासीन असावी. निचऱ्याबाबत मात्र एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. वाढीच्या हंगामात कर्दळ साचलेले पाणी बरेच सोसते आणि सांडपाणी शुद्ध करण्यासाठी बांधलेल्या कृत्रिम पाणथळींतही ती लावली जाते. परंतु थंडीत वाढ थांबलेली असताना तोच गड्डा ओल्या, गार मातीत कुजतो. म्हणून झाडाला पाणी किती मानवते हे ऋतूवर अवलंबून असते, आणि पाणी देण्याचे वेळापत्रक पानांची वाढ पाहून ठरवलेले बरे.

माती उबदार झाल्यावर, साधारणपणे १६ अंश सेल्सियसच्या वर गेल्यावर, गड्डे आडवे ठेवून आणि डोळे वर करून ८ ते १० सेंटिमीटर खोल लावतात. बुटक्या प्रकारांना ३० सेंटिमीटर आणि उंच प्रकारांना ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर पुरते. लावल्यावर कोंब वर येईपर्यंत पाणी बेताने द्यावे आणि पाने उलगडू लागल्यावर वाढवावे. कर्दळ खादाड आहे. लावताना भरपूर कुजलेले खत आणि वाढीच्या काळात संतुलित खताचे हप्ते दिले की ती फुलत राहते, पण नुसत्या नत्रावर भर दिल्यास पानांचेच रान माजते. कुंडीत लावायची झाल्यास बुटका प्रकार आणि निदान ३० सेंटिमीटर व्यासाची कुंडी घ्यावी.

वाळलेली फुले खुडत राहिल्यास बी धरण्यात जाणारी शक्ती वाचते. खुडताना फुलोऱ्याखालच्या पेऱ्यातून निघणारी दुसरी कळी तोडली जाणार नाही याकडे लक्ष द्यावे, कारण एका दांड्यावर असे दोन-तीन फुलोरे पाठोपाठ येतात. ते सर्व संपल्यावर मात्र दांडा जमिनीलगत कापून टाकावा. जिथे हिमतुषार पडत नाहीत तिथे गड्डे वर्षभर जमिनीतच राहू शकतात. जिथे पडतात तिथे पहिल्या हिमाने पाने काळी पडल्यावर दांडे १५ सेंटिमीटर ठेवून कापतात, गड्डे उकरतात आणि किंचित ओलसर वाळूत किंवा पीटमध्ये ७ ते १० अंश सेल्सियस तापमानाला साठवतात. साठवणीत अगदी कोरडे पडलेले गड्डे सुरकुततात आणि फार ओले राहिलेले सडतात.

गड्डा पुढे पुढे वाढत जातो आणि मागचा भाग निकामी होत जातो, म्हणून जुना ठोंब बाहेरच्या बाजूने पसरतो आणि मधोमध पोकळ होतो. फुले कमी आणि लहान येऊ लागणे ही ठोंब गर्दीचा झाल्याची खूण असते. दोन ते तीन वर्षांनी ठोंब उकरून फोडल्यास झाड पुन्हा जोमाने वाढते. हे काम नवे डोळे फुगू लागतात त्या वेळी, म्हणजे वाढीचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर करावे. ठोंबापासून थोडे अंतर राखून चहूबाजूंनी माती सैल करावी आणि मग तो अखंड उचलावा. माती झटकल्यावर किंवा धुतल्यावर पेरे स्पष्ट दिसतात. दोन-तीन ठसठशीत डोळे असलेले तुकडे धारदार सुरीने कापावेत. एका डोळ्याचा तुकडाही रुजतो, परंतु त्याला भरायला वेळ लागतो. मधला जून, लाकडी झालेला भाग टाकून द्यावा. तो लावून काही मिळत नाही आणि कूज मात्र तिथूनच सुरू होते. कापलेली बाजू सावलीत एक-दोन दिवस सुकू दिली की तिच्यावर खपली धरते. हंगाम चालू असतानाही मुळांसह एखादा कोंब अलग करता येतो. तेव्हा त्याची पाने अर्धी कापून टाकावीत, नाहीतर मुळे सावरण्याआधीच झाड माना टाकते.

विभाजनात मिळणारे प्रत्येक झाड मूळ झाडाचीच प्रत असते, आणि मूळ झाडात विषाणू असेल तर तोही प्रत्येक तुकड्यात जातो. कॅना यलो मॉटल, कॅना यलो स्ट्रीक आणि बीन यलो मोझेइक या विषाणूंमुळे पानांवर शिरांच्या दिशेने पिवळट पट्टे उठतात, पुढे तिथे तपकिरी डाग पडतात, झाड खुजे राहते आणि फुलांचा रंग फाटल्यासारखा दिसतो. यांतील बीन यलो मोझेइक मावा किडीमार्फतही पसरतो. लागण झालेल्या झाडावर उपाय नाही. ठोंब मुळासकट काढून नष्ट करणे, तो खतखड्ड्यात न टाकणे आणि प्रत्येक ठोंबानंतर सुरी स्पिरिटने किंवा ब्लीचच्या द्रावणाने पुसणे, एवढेच हाती राहते. पट्टेरी पानांच्या काही प्रकारांमुळे इथे फसगत होऊ शकते. त्या प्रकारांत पट्टे सर्व पानांवर सारखे व नीटस असतात, उलट विषाणूचे पट्टे तुटक, वेडेवाकडे आणि पानागणिक वेगळे दिसतात. शंका असलेला ठोंब निदान एक हंगाम वेगळा ठेवून मगच फोडावा.

इतर उपद्रव त्या मानाने आवाक्यातले आहेत. गोगलगायी कोवळी पाने कुरतडतात, पाने गुंडाळणाऱ्या अळ्या न उलगडलेल्या पानाला आरपार भोके पाडतात, आणि पक्सिनिया थॅली या बुरशीमुळे पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी तांबेऱ्याचे फोड येतात. अळ्या वेचणे, तांबेरा आलेली पाने काढणे आणि झाडांत हवा खेळती ठेवणे बहुधा पुरेसे ठरते.

बियांपासून लागवड नव्या प्रकारांच्या शोधासाठी किंवा शुद्ध जातींसाठी केली जाते. खवल्यांसारख्या पृष्ठभागाच्या बोंडात काळ्या, वाटोळ्या, छऱ्याइतक्या कठीण बिया असतात. त्यांच्या कवचातून पाणी आत शिरत नाही, त्यामुळे तशाच पेरलेल्या बिया दीर्घकाळ पडून राहू शकतात. अर्जेंटिनातील सांता रोसा दे तास्तील येथील पुरातत्त्वीय स्थळी अक्रोडाच्या कवचाच्या खुळखुळ्यात सापडलेली कॅनाची बी उगवली. सुमारे ६०० वर्षे जुन्या या बीचा कार्बन कालमापनाचा वृत्तांत १९७१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. पेरणीपूर्वी कानशीने किंवा पॉलिश कागदाने कवच एका जागी आतला पांढरा भाग दिसेपर्यंत घासावे, त्याहून खोल जाऊ नये, आणि बी दिवसभर कोमट पाण्यात ठेवावी. पाणी शोषून फुगलेली बी २१ ते २५ अंश सेल्सियस तापमानात एक ते तीन आठवड्यांत उगवते, आणि रोप बऱ्याचदा त्याच हंगामात फुलते.

याच गुणामुळे बियांपासून एकसारखी येणारी संकरित वाणे तयार करण्याकडे उत्पादक वळले. ‘ट्रॉपिकल रोझ’ या बुटक्या, गुलाबी वाणाला १९९२ मध्ये आणि ‘साउथ पॅसिफिक स्कार्लेट’ या वाणाला २०१३ मध्ये नव्या वाणांची चाचणी घेणाऱ्या ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ या अमेरिकी संस्थेची पसंती मिळाली. ही वाणे दरवर्षी नव्या बियाण्यापासून लावता येतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या फोडत आणलेल्या गड्ड्यांतील विषाणूंचा धोका त्यांत बराच कमी असतो. मात्र त्यांच्या स्वतःच्या झाडावर धरलेले बी पुन्हा पेरल्यास उंची आणि रंग यांचा भरवसा राहत नाही.