गालफुगीनंतर कान गेला तर दिव्यांग सर्टिफिकेट निघतं का?

आधी एक सांगतो, कागदाच्या मागं नंतर लागा. गालफुगी किंवा कुठल्याही व्हायरल तापानंतर अचानक ऐकू यायचं बंद झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, स्टेरॉइडच्या गोळ्यांचा उपयोग झाला तर पहिल्या एक-दोन आठवड्यातच होतो. मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका.

सर्टिफिकेट उपचार झाल्यावरही जे नुकसान राहिलं त्याचं मिळतं. आणि इथंच बरेच लोक अडकतात, कारण गालफुगीत बहुतेक वेळा एकच कान जातो आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत निदान 60 डेसिबलचा लॉस लागतो. टक्केवारी काढताना चांगल्या कानाचे टक्के गुणिले पाच, त्यात खराब कानाचे मिळवायचे न् सहाने भागायचं. म्हणजे एक कान पूर्ण गेला, दुसरा ठणठणीत, तर आकडा 16-17 च्या पुढं जात नाही, आणि योजनांना लागतात 40. एसटीची सवलत विसराच मग. एक कान गेल्याचा त्रास काय कमी असतो का, पण नियम असाय.

दोन्ही कानांना मार असेल तर मात्र अर्ज कराच. स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे केंद्र सरकारच्या दिव्यांग कार्डाच्या वेबसाइटवर, मोबाईलवरून किंवा गावातल्या सीएससी सेंटरवरून फॉर्म भरता येतो. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा एवढं लागतं, आणि आधारवरचं नाव न् टीसीवरचं नाव जुळतं का ते आधीच बघून घ्या. हॉस्पिटल निवडताना आपल्या जिल्ह्याचं सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेज टाका, संभाजीनगरवाल्यांना घाटी. पावतीवरचा एनरोलमेंट नंबर लिहून ठेवा.

तपासणीला जुने रिपोर्ट, डिस्चार्ज पेपर घेऊन जा. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं किंवा हात वर करायचा. ग्राफवर लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. टक्के वाढावेत म्हणून मुद्दाम बटण न दाबणारे असतात, डॉक्टरला शंका आली की बेरा टेस्ट लावतात, त्यात डोक्याला वायरी चिकटवून थेट नसेचा रिस्पॉन्स बघतात, तिथं नाटक चालत नाही. लहान लेकरांची पण बेराच करतात.

सर्टिफिकेटसोबतचं दिव्यांग ओळखपत्र (यूडीआयडी कार्ड) 40 टक्क्यांच्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 किंवा त्याच्या वर निळं. सर्टिफिकेटवर टेम्पररी लिहिलं असेल तर मुदतीची तारीख बघा, ती संपायच्या आधी परत तपासणी करावी लागते.