कॅरेट डबल म्हणजे हिरा डबल दिसतो का ओ? नाही दिसत.

सोन्याबद्दल आपल्याकडं कुणाला शिकवायची गरज नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातली विटा, खानापूर, आटपाडीकडची घरंच्या घरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या) धंद्यासाठी देशभर पसरलीयेत, २२ कॅरेट म्हणजे ९१६ आणि १८ म्हणजे ७५० हे शेंबडं पोरगंपण सांगतंय. ती शुद्धता, हजार भागांत सोनं किती ते. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, २०० मिलिग्रॅम, त्याचे शंभर सेंट. झालं, एवढंच आहे ते.

खरी गोची होते ती वजन आणि साइझमध्ये. सोन्याची सवय लागलेला माणूस अर्ध्या कॅरेटची अंगठी बघतो आणि मनातल्या मनात धरून चालतो की एक कॅरेटचा हिरा याच्या दुप्पट दिसणार आणि दुप्पट पैसे पडणार. दोन्ही चूक. अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा वरनं साधारण ५.१ मिलिमीटर भरतो आणि एक कॅरेटचा ६.४ ते ६.५. वजन डबल झालं, रुंदी वाढली फक्त पाव पट. कारण वजन लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्हीकडं वाटलं जातं, आणि बोटात घातल्यावर आपण बघतो फक्त वरनं. रुंदी खरंच दुप्पट पाहिजे असेल तर वजन आठपट लागतं, म्हणजे २५ सेंटचा हिरा ४.१ मिमी, तर ८.२ मिमीला थेट दोन कॅरेटवर जावं लागतं.

आता यात अजून एक भानगड. एक कॅरेटचे दोन हिरेसुद्धा सारखे दिसतीलच असं नाही. भाकरीचा उंडा तेवढाच, पण जाड थापली की लहान होते आणि पातळ थापली की तवाभर, तसंच हे. पैलू पाडणाऱ्यानं वजन वाचवायला हिरा खोल ठेवला, कडा जाड ठेवली, तर काट्यावर एक कॅरेट भरतं पण वरनं हिरा दिसतो ६.२ मिमीच, आणि ६.२ मिमी तर चांगल्या कटचा ९० सेंटचा हिरापण देतो! वर खोल हिरा मधनं काळपट मारतो ते वेगळंच. (लई उथळ कापलेलापण घेऊ नका, साइझ दिसते पण चमक खालनं निसटून जाते.) म्हणून जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या लॅबच्या सर्टिफिकेटवर लोक फक्त कॅरेटचा आकडा बघतात ना, त्याची मला चीड येते. तिथंच मिलिमीटरची मापं असतात आणि खोलीची टक्केवारी (रुंदीच्या मानानं खोली किती) असते, ती वाचा की. गोल हिऱ्याला ६० ते ६२ च्या आसपास असेल तर बरं, ६५ च्या वर गेलं की मी तरी हात लावणार नाही.

भावाचं तर अजून निराळं. सोनं पाच ग्रॅम घ्या नाहीतर पन्नास, ग्रॅमचा भाव तोच. हिऱ्याला वजन वाढलं की कॅरेटमागचा भावच वाढतो, कारण मोठा स्वच्छ खडा कमी निघतो. आता हिशोबापुरतं धरा की अर्ध्या कॅरेटच्या हिऱ्याला कॅरेटमागं दीड लाख भाव आहे, म्हणजे हिरा पंच्याहत्तर हजाराला, आणि एक कॅरेटला तोच भाव तीन लाख, तर वजन डबल आणि पैसे चौपट, दिसायला मात्र पाव पटच जास्त रुंद. त्यात भाव सरळ रेषेत चढत नाही, ५०, ७०, ९० सेंट आणि एक कॅरेट अशा पायऱ्यांवर उडी मारतो. त्यामुळं पाव्हण्यांना "एक कॅरेटचा आहे" म्हणून सांगायचं नसेल तर ९० च्या जरा आतला, ८७-८८ सेंटचा चांगल्या कटचा घ्या, फरक डोळ्याला कळत नाही, खिशाला कळतो.

अंगठीवर "एकूण एक कॅरेट" लिहिलं असेल तर ते बारक्या हिऱ्यांचं मिळून वजन असतं. दहा सेंटचे दहा हिरे म्हणजे एक कॅरेटचा एक हिरा नव्हे, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, तेव्हा मधल्या हिऱ्याचं वजन बिलावर वेगळं लिहून घ्या.

लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्याचं वजन-साइझचं गणित खाणीतल्या हिऱ्यासारखंच आहे, भाव तेवढा लई कमी. मोइसनाइट (हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडा) मात्र हिऱ्यापेक्षा हलकं, ६.५ मिमीचा खडा एक कॅरेटपण भरत नाही, तरी दुकानदार त्याला "एक कॅरेट साइझ" म्हणून विकतो. तिथं कॅरेट विचारूच नका, मिलिमीटर विचारा.