खाण तशी माती: न्यूट्रिनो झोताच्या मोजमापाची पार्श्वभूमी

न्यूट्रिनो हे क्वचितच कशाला धडकणारे सूक्ष्म कण; त्यांच्या अनेक जाती आहेत आणि प्रवासात एक जात दुसरीत बदलते, यालाच दोलन म्हणतात. न्यूट्रिनो दोलनाच्या प्रयोगाचा गाभा म्हणजे एक तुलना असते. एका जातीचे किती न्यूट्रिनो निघाले आणि शेकडो किलोमीटर दूरच्या डिटेक्टरपर्यंत त्या जातीचे किती पोहोचले, एवढेच पाहायचे असते. दुसरा आकडा मोजून मिळतो. पहिल्याची अडचण अशी, की डिटेक्टरमध्ये नोंदल्या जाणाऱ्या घटनांची संख्या ही फ्लक्स, म्हणजे ठरावीक क्षेत्रफळातून जाणाऱ्या न्यूट्रिनोंची संख्या, आणि न्यूट्रिनो अणुकेंद्राला धडकण्याची शक्यता, या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. आणि गुणाकार हाती आला म्हणून दोन्ही गुणक सुटे होत नाहीत. गेल्या साठ वर्षांत यावर जे उपाय निघाले, त्यांतील बहुतेक न्यूट्रिनोंना बाजूला ठेवून त्यांच्या जनक कणांची, म्हणजे ज्यांच्या क्षयातून न्यूट्रिनो निघतात त्यांची, मोजदाद करणारे आहेत.

१९६२ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत लेडरमन, श्वार्ट्झ आणि स्टाइनबर्गर यांनी त्वरकातील, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातील, प्रोटॉन बेरिलियमच्या लक्ष्यावर आदळवले. त्यातून निघालेल्या पायॉनांचा (हे अल्पायुषी कण) क्षय होऊन म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) व न्यूट्रिनो तयार झाले आणि १३.५ मीटर जाडीच्या पोलादी भिंतीने न्यूट्रिनोंखेरीज जवळपास सारे अडवले. त्या प्रयोगातून म्युऑन-न्यूट्रिनो ही वेगळी जात सिद्ध झाली. एकट्या म्युऑनच्या ३४ घटना मिळाल्या, त्यांतल्या सुमारे ५ अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांच्या होत्या. इतक्या थोड्या घटनांत सांख्यिक त्रुटीच एवढी मोठी होती, की फ्लक्सच्या अनिश्चिततेने निष्कर्षाला धक्का लागत नव्हता.

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत १९६१ साली सायमन व्हान डर मीर यांनी चुंबकीय हॉर्नची कल्पना मांडली. अॅल्युमिनियमच्या पोकळ वाहकातून क्षणभर प्रचंड विद्युतप्रवाह सोडायचा आणि विखुरणाऱ्या पायॉनांना एका दिशेला वळवायचे, असे हे उपकरण. त्याने झोत कितीतरी पटींनी दाट झाला खरा. पण हॉर्नमधील प्रवाह, त्याची जागा, लक्ष्याचा बारीकसा कल, या सगळ्यांवर न्यूट्रिनोंचा वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती ही वाटणी, अवलंबून राहू लागला. पायॉनच्या क्षयात म्युऑन आणि न्यूट्रिनो जोडीनेच जन्मतात, म्हणून सर्नमध्ये अडथळ्याच्या पोलादात वेगवेगळ्या खोलीवर म्युऑन मोजण्याची पद्धत त्याच दशकात रुजली.

झोत निसर्गाचा असला तरी हिशेब हाच राहतो. वैश्विक किरण वातावरणावर आदळले की पायॉन आणि त्यांतून म्युऑन व न्यूट्रिनो तयार होतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे वैज्ञानिक कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर म्युऑन मोजत गेले, तेव्हा अतिखोल पातळीवर म्युऑनांची नोंद जवळजवळ थांबते असे त्यांना आढळले. म्हणजे तिथे जे काही दिसेल ते न्यूट्रिनोंचे असण्याची शक्यता मोठी. १९६५ मध्ये सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर या संस्थेने डरहॅम आणि ओसाकाच्या गटांसह वातावरणीय न्यूट्रिनोंच्या घटना नोंदवल्या. दक्षिण आफ्रिकेत राइनेस यांच्या गटाला जवळपास त्याच सुमारास तसेच यश आले. वातावरणात किती न्यूट्रिनो तयार होतात हे ठरवण्यासाठीही पायॉन आणि म्युऑन यांच्याच मोजमापांचा आधार घ्यावा लागला. मुंबईतील वाचकाने ही खाणीची गोष्ट केवळ अभिमानापुरती ऐकलेली असते. तिच्यातला हा हिशेबाचा भाग सहसा सांगितला जात नाही.

जपानमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या केटूके प्रयोगापासून जवळचा आणि दूरचा असे दोन डिटेक्टर ठेवण्याची रीत पक्की झाली. एका गुणोत्तरात फ्लक्सची अनिश्चितता कटून जाईल अशी अपेक्षा होती, आणि ती बऱ्याच अंशी खरीही ठरली. पण पूर्ण नाही. पायॉनांचा क्षय लांबलचक नळीत जागोजागी होतो; अमेरिकेतील फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या न्यूमी झोतात ही नळी ६७५ मीटरची आहे. जवळच्या डिटेक्टरला स्रोत एखाद्या रेषेसारखा पसरलेला दिसतो, तर ७३५ किलोमीटरवर, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सूदान खाणीत २०१६ पर्यंत चाललेल्या डिटेक्टरला तो बिंदूच असे. त्यामुळे दोघांना दिसणारा वर्णपट मुळातच वेगळा असतो, दोलन असो वा नसो.

जपानच्याच टीटूके प्रयोगाने या प्रश्नाला सर्वांत चिकाटीने हात घातला, असे मला वाटते. तोकाई येथे ३० गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे प्रोटॉन सुमारे ९० सेंटिमीटर लांब आणि २.६ सेंटिमीटर व्यासाच्या ग्रॅफाइटच्या कांडीवर पडतात. त्याच मापाची प्रतिकृती सर्नमधील एनए६१ या प्रयोगात बसवून, तिच्या पृष्ठभागावरून कोणत्या कोनात आणि किती संवेगाचे पायॉन व केऑन (हेही न्यूट्रिनोंचे जनक कण) बाहेर पडतात हे मोजण्यात आले. लक्ष्याच्या आत प्रोटॉनाचे दुसऱ्या-तिसऱ्यांदा आदळणे वगैरे जे गणितात अंदाजाने धरावे लागे, ते अशा मोजणीत आपोआप सामावले जाते. वर्णपटाच्या शिखराजवळची अनिश्चितता त्यामुळे सुमारे १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास आली. झोताची दिशा सरकली तर ते म्युऑन मॉनिटर आणि २८० मीटरवरील इनग्रिड डिटेक्टर दाखवून देतात.

खुद्द न्यूट्रिनोंवरूनच फ्लक्स काढण्याचा एक चोख मार्ग आहे: न्यूट्रिनोने इलेक्ट्रॉनला धडक देणे. तिच्यात अणुकेंद्राचा गुंता नसल्याने तिची शक्यता सिद्धांतातून नेमकी काढता येते. अशा घटना दुर्मीळ असतात, तरीही मिनर्व्हा प्रयोगाने २०१९ मध्ये त्यांच्या जोरावर न्यूमी झोताच्या फ्लक्सची अनिश्चितता ७.६ टक्क्यांवरून ३.९ टक्क्यांवर आणली.

पुढच्या ड्यून या न्यूट्रिनो दोलन प्रयोगासाठी फर्मीलॅबमध्ये उभ्या राहणाऱ्या पिप-टू त्वरकात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा सहभाग आहे. झोताची शक्ती मेगावॉटच्या वर गेली की घटना भरपूर मिळतील आणि १९६२ मध्ये सांख्यिक त्रुटीआड दडलेली फ्लक्सची त्रुटी उघडी पडेल. म्हणून तिथला जवळचा डिटेक्टर झोताच्या मध्यरेषेपासून सुमारे ३० मीटरपर्यंत बाजूला सरकवता येईल असा आखला आहे. मध्यरेषेपासून जसजसे दूर जावे तसतशी न्यूट्रिनोंची सरासरी ऊर्जा घटते. वेगवेगळ्या जागी घेतलेल्या नोंदी योग्य प्रमाणात मिसळून १,३०० किलोमीटरवरील दूरच्या डिटेक्टरमध्ये अपेक्षित असलेला वर्णपट जवळच रचता येतो.