अन्ननलिकेची तपासणी आणि उपचार : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रियेचा क्रम

अन्ननलिकेच्या तपासणीसाठी भरल्या जाणाऱ्या अर्जात तक्रारीच्या रकान्यात बहुधा ‘गिळण्यास त्रास’ एवढेच दोन शब्द लिहिलेले असतात आणि त्यांवरून डॉक्टरांना फारसे काही ठरवता येत नाही. आधी फक्त घट्ट घास अडकत होता आणि काही आठवड्यांनी पातळ पदार्थही अडकू लागले, असे असेल तर नलिका आतून अरुंद होत चालल्याची शंका घेतली जाते. घट्ट आणि पातळ दोन्ही पहिल्यापासूनच अडकत असतील, तर स्नायूंच्या हालचालीत बिघाड असण्याची शक्यता अधिक असते. गिळायला सुरुवात करतानाच ठसका लागत असेल किंवा पाणी नाकातून बाहेर येत असेल, तर दोष अनेकदा अन्ननलिकेच्या वर, घशात किंवा मज्जासंस्थेत असतो आणि शिफारस वेगळ्या विभागाकडे करावी लागते. म्हणून त्रास केव्हापासून आहे, कोणत्या पदार्थाने होतो, घास छातीत कुठे अडकल्यासारखा वाटतो आणि वजन किती घटले, या चार गोष्टी अर्जातच लिहिलेल्या बऱ्या.

दुर्बीण तपासणीसाठी कोण पात्र

घास अडकणे, गिळताना वेदना, कारण नसताना घटलेले वजन, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही असल्यास दुर्बीण तपासणी (एंडोस्कोपी) लांबणीवर टाकली जात नाही. केवळ जळजळ आणि आंबट पाणी वर येणे एवढीच तक्रार असेल, तर सहसा आधी आम्ल कमी करणारे औषध जेवणापूर्वी, साधारण 8 आठवडे दिले जाते आणि त्याने आराम न पडल्यास किंवा औषध थांबवताच त्रास परत सुरू झाल्यास तपासणी सुचवली जाते. त्यामुळे या गटातील अर्जदाराला ‘आधी औषध घ्या’ असे सांगितले गेले, तर तो अर्ज नाकारला असे समजण्याचे कारण नाही.

सोबत न्यायची कागदपत्रे

ओळखपत्र आणि डॉक्टरांचे शिफारसपत्र आठवणीने नेले जाते. विसरतात ते जुने अहवाल. पूर्वी दुर्बीण तपासणी झाली असेल तर तिच्या अहवालासोबत बायोप्सीचा, म्हणजे अस्तराच्या काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, अहवालही न्यावा, कारण बॅरेट बदलासारख्या, म्हणजे सततच्या आम्लामुळे अस्तराच्या पेशी बदलण्याच्या, स्थितीत पुढची तपासणी किती वर्षांनी करायची हे त्याच कागदावरून ठरते. चालू औषधांची मात्रेसह यादी, ॲलर्जीची नोंद आणि पेसमेकर असल्यास त्याचे कार्ड जोडावे. रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेहाचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. ते चालू ठेवायचे की थांबवायचे, हे नियोजित प्रक्रियेनुसार डॉक्टर ठरवतात.

संमतिपत्र सही करण्यापूर्वी वाचावे. साधी पाहणी, तुकडा काढणे आणि अरुंद भाग फुग्याने रुंद करणे यांतील धोका सारखा नसतो, कारण रुंदीकरणात नलिकेला छिद्र पडण्याची शक्यता साध्या पाहणीपेक्षा जास्त असते. लहान मुलासाठी पालकाची सही लागते.

प्रत्यक्ष प्रक्रिया

घन आहार किमान 6 तास आधी आणि पाणी साधारण 2 तास आधी बंद करावे लागते. अन्न साचून राहण्याचा त्रास असेल तर हा कालावधी वाढवला जातो. गुंगीचे औषध दिल्यास त्या दिवशी वाहन चालवता येत नाही, म्हणून सोबत एक प्रौढ व्यक्ती हवीच.

अहवालात ‘35 सें.मी.वर अरुंद भाग’ असे लिहिलेले असते तेव्हा अनेकजण घाबरतात, कारण प्रौढांची अन्ननलिका जेमतेम 25 सें.मी. लांब असते. हे अंतर समोरच्या दातांपासून मोजलेले असते. जठराचे तोंड तेथून सुमारे 40 सें.मी.वर येते, म्हणजे 35 सें.मी. ही जागा नलिकेच्या खालच्या भागात पडते. अस्तर डोळ्यांना निरोगी दिसले तरी गिळण्याचा त्रास असल्यास वेगवेगळ्या पातळ्यांवरून किमान 6 तुकडे घेतले जातात, कारण इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमुळे होणारा दाह काही वेळा केवळ सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतो.

दुर्बिणीत अडथळा दिसला नाही तर मॅनोमेट्री होते. तिच्यात नाकातून घातलेली बारीक नळी नलिकेतील स्नायूंचा दाब मोजते आणि त्यावरून ॲकेलेशिया हा विकार ओळखता येतो. या विकारात नलिकेचे खालचे दार सैल पडत नाही. बेरियम पाजून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात वर फुगलेली आणि खाली निमुळती झालेली नलिका पक्ष्याच्या चोचीसारखी दिसते. उपचारासाठी फुग्याने दार ताणणे, शस्त्रक्रियेने स्नायू कापणे किंवा तोंडावाटे दुर्बिणीतून तोच स्नायू छेदणे, असे तीन मुख्य पर्याय आहेत. तिसऱ्या पर्यायानंतर आम्ल वर येण्याचा त्रास तुलनेने अधिक आढळतो, ही बाब संमतीच्या वेळीच विचारून घ्यावी.

अर्ज न भरता थेट तातडीच्या विभागात जायचे प्रसंग

मुलाने बटणाच्या आकाराची बॅटरी गिळल्याची शंका आली तर अर्ज, शिफारसपत्र आणि वेळ ठरवणे हे सगळे बाजूला ठेवावे. अडकलेली बॅटरी 2 तासांत अस्तर गंभीररीत्या जाळू शकते. क्ष-किरण चित्रात तिच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते आणि त्यावरूनच ती नाण्यापासून वेगळी ओळखली जाते. आम्ल किंवा कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण तेच रसायन परत वर येताना नलिका दुसऱ्यांदा भाजते; सोबत न्यायचा एकमेव कागद म्हणजे त्या बाटलीवरील लेबल, तेही शक्यतो बाटलीसकट. जोरदार उलट्यांनंतर छातीत अचानक असह्य कळ आली आणि मानेच्या त्वचेखाली दाबल्यावर चुरचुर जाणवली, तर नलिका फाटल्याचा संशय धरून सीटी स्कॅन केला जातो. अशा रुग्णाला तोंडावाटे काहीही देऊ नये, पाण्याचा घोटही नाही.